जॉर्ज रोमेरो: मढी उठवणारा दिलदार माणूस

रात्रपाळी

आपल्याकडे हॉररचा धागा निघाला की तो रामसे बंधूंपासून सुरू होतो, 'तुंबाड'पाशी जरा रेंगाळतो, आणि मग कुणीतरी आजोळच्या विहिरीची गोष्ट काढतं की संपलंच. म्हणून आधीच सांगून ठेवतो, हा धागा जॉर्ज रोमेरोवर आहे. विहिरींसाठी वेगळा धागा काढा, तिथेही येईन.

नाव माहीत नसलं तरी त्याची करामत तुम्ही पाहिलेली आहे. पाय ओढत येणारी, माणसं फाडून खाणारी, मेंदूत गोळी बसल्याशिवाय आडवी न होणारी मढी जिथे जिथे दिसतात, तिथे मुळाशी हा माणूस आहे. त्याच्या आधी पडद्यावरचा झोंबी म्हणजे हैतीकडच्या मांत्रिकाचा गुलाम. रोमेरोने मांत्रिकालाच रजा दिली. मढी का उठली हे धड कुणालाच कळत नाही, आणि घरात अडकलेली जिवंत माणसं एकमेकांशी भांडण्यातच निम्मी संपतात. हा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. मूळ कल्पना रिचर्ड मॅथेसनच्या 'आय ॲम लेजंड' कादंबरीवरून उचलली, हे तो मुलाखतींत आपणहून सांगायचा. आडपडदा नाही.

जन्म न्यूयॉर्कचा, १९४० चा. शिकायला पिट्सबर्गला गेला आणि तिथेच रमला. मित्रांबरोबर 'लेटंट इमेज' नावाची छोटी कंपनी काढून जाहिराती करायचा. लहान मुलांसाठी टीव्हीवर कार्यक्रम करणाऱ्या मिस्टर रॉजर्सकडेही कामं केली. रॉजर्स टॉन्सिलचं ऑपरेशन करून घेतात असा एक भाग त्याने चित्रित केला होता. आपण काढलेली सगळ्यात भीतिदायक फिल्म तीच, असं तो गमतीने म्हणायचा.

'नाइट'साठी दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर काढले आणि सुरुवात केली. पुढे ओळखीपाळखीत पैसे गोळा करत करत एकूण खर्च १,१४,००० डॉलरच्या आसपास गेला. घर मिळालं ते लवकरच पाडायचं होतं, म्हणून हवी तशी तोडफोड करायला मोकळीक. सिनेमा कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप. पैसे घालणाऱ्यांत एक खाटीक होता, त्याने मांस आणि आतडी पुरवली. मढी झाली गावातलीच माणसं. स्थानिक टीव्हीवर रात्री भुताचे सिनेमे दाखवणारा निवेदक बिल कार्डिल पडद्यावर बातमीदार म्हणून उभा राहिला.

आणि इथेच मला ह्या माणसाचं मोठेपण दिसतं. गाव गोळा करून सिनेमा करायचा ही पहिल्या वेळची गरज होती, मान्य. पण गरज संपल्यावरही त्याने दार लावून घेतलं नाही. १९७७-७८ च्या हिवाळ्यात तो 'डॉन ऑफ द डेड' करत होता. पिट्सबर्गजवळचा मॉन्रोव्हिल मॉल रात्री बंद झाला की सकाळी सातपर्यंत चित्रीकरण. एका रात्रीचीही चैन परवडत नव्हती. अशा वेळी न्यूयॉर्कमधले एक शिक्षक, रॉय फ्रम्क्स, आपली माणसं आणि कॅमेरा घेऊन आले: तुमचं काम कसं चालतं ते विद्यार्थ्यांसाठी चित्रित करायचंय. रोमेरोने येऊ दिलं. नुसतं येऊ दिलं नाही, संकलनाच्या टेबलापासून पैशाच्या गणितापर्यंत सगळं उघडं करून सांगितलं. त्यातून 'डॉक्युमेंट ऑफ द डेड' हा माहितीपट तयार झाला. सिनेमा करू पाहणाऱ्याने तो बघावाच.

दुसरा किस्सा ग्रेग निकोटेरोचा. पिट्सबर्गचाच पोरगा. आईवडिलांबरोबर रोमला सुट्टीला गेला होता, तिथे एका हॉटेलात रोमेरो दिसला. गेला सरळ बोलायला. रोमेरोने झिडकारलं नाही. पुढे 'क्रीपशो'च्या सेटवर त्याचं येणंजाणं सुरू झालं आणि १९८४ मध्ये 'डे ऑफ द डेड'वर मेकअप करणाऱ्या टॉम सॅविनीच्या हाताखाली कामच मिळालं. डॉक्टरकीच्या तयारीत होता, ती राहिली बाजूला. 'वॉकिंग डेड' या मालिकेतली मढी ज्याने रंगवली तो हाच.

बोला आता.

पेठेतली

मस्त लिहिलंय. रॉजर्सचा किस्सा माहीत नव्हता. लहान मुलांचा लाडका माणूस आणि मढ्यांचा बाप एकाच गावात एकाच काळी काम करत होते, कमाल आहे.

खिडकी_सीट

+१. वाचनखूण साठवली.

तिकीटचेकर

लेख छान, पण एक काडी टाकतोच.

'नाइट' आज कुणालाही फुकट बघता येतो, वाटता येतो, म्हणून रोमेरोच्या उदारपणाचे गोडवे गाणारे बरेच भेटतात. तो उदारपणा नव्हता, घोळ होता. सिनेमाचं आधीचं नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरकाने नाव बदललं, नावाची पाटी नवीन लावली आणि जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर घालायचीच राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नाही म्हणजे हक्क गेला. झालं. ज्याला हवं त्याने प्रती काढल्या, टीव्हीवर दाखवला, कॅसेटी विकल्या, आणि मूळ दहा जण बघत बसले. कोर्टकचेऱ्याही झाल्या. १९९० मध्ये पुन्हा तोच सिनेमा रंगीत काढला (पटकथा रोमेरो, दिग्दर्शन सॅविनी), त्यामागेही हातचं गेलेलं थोडंफार परत मिळवावं हा हिशोब होता.

त्यामुळे भक्तिभाव जरा बेताने.

रात्रपाळी

तिकीटचेकर, म्हणून तर मी कॉपीराइटचा 'क' काढला नव्हता. घोळच होता, दुमत नाही.

माझा मुद्दा त्यानंतरचा आहे. पहिल्याच सिनेमात असं नागवलं गेल्यावर माणूस काय करेल? दर कागदावर वकील बसवेल, सेटवर पाखरू फिरकू देणार नाही. ह्याने दहा वर्षांत परक्या माणसाचा कॅमेरा सेटवर घेतला. ज्याच्या त्याच्या सिनेमात आपली मढी फिरताना दिसली तरी चिडला नाही. उलट २००४ मध्ये एडगर राइट आणि सायमन पेग या दोन इंग्रज पोरांनी 'शॉन ऑफ द डेड' काढला, नावापासून त्याची टर उडवत आणि त्याला सलाम ठोकत, तेव्हा रोमेरोने तो बघितला, खूश झाला आणि पुढच्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये दोघांना मढी म्हणून उभं केलं. जत्रेतल्या फोटोच्या खोक्याजवळ साखळीने बांधलेली दोन मढी आहेत बघा, तेच हे.

तिकीटचेकर

हे मान्य. पेग-राइट प्रकरण मलाही आवडतं.

मॉन्रोव्हिलकर

अरे वा! आमच्या गल्लीवर धागा निघालाय आणि मला आज कळतंय.

मी पिट्सबर्गच्या पूर्वेला राहतो. इथल्या मराठी माणसाचा रविवार सांगतो: पेन हिल्सच्या बालाजी मंदिरात दर्शन, तिथला दहीभात, आणि परतताना मॉन्रोव्हिल मॉलमध्ये चक्कर. मंदिर १९७० च्या दशकातलं आणि सिनेमाही तेव्हाचाच, म्हणजे डोंगरावर बालाजीची स्थापना होत होती त्याच सुमारास खाली मॉलमध्ये मढी सरकत्या जिन्यावरून गडगडत होती. आमच्या सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या मॉलमधला प्रसाधनगृहाकडे जाणारा बोळ टाळतात.

आता मॉलमध्ये त्याचा अर्धपुतळा आहे. जुनं फारसं काही राहिलं नाही. सिनेमातला बर्फावरच्या स्केटिंगचा रिंक केव्हाच गेला. २०२५ मध्ये वॉलमार्टने मॉल विकत घेतला आणि पाडायचं चाललंय, त्यामुळे चाहत्यांची ये-जा वाढली आहे.

एक गोष्ट मात्र स्वतः हातात घेऊन पाहिली आहे. आमच्या ऑफिसातल्या एकाचे वडील 'डे ऑफ द डेड'मध्ये मढं झाले होते. त्या सिनेमातल्या गर्दीतल्या मढ्यांना मानधन म्हणून एक डॉलर, एक टोपी आणि सिनेमाच्या सुरुवातीला रस्त्यावर फडफडताना दिसतं त्या वर्तमानपत्राची प्रत मिळत असे. टोपीवर 'मी डे ऑफ द डेडमध्ये झोंबी होतो' अशा अर्थाचं इंग्रजीत छापलेलं. त्या गृहस्थांची टोपी पुढून उन्हाने फिकट झाली आहे, घामाने आतली पट्टी काळी पडली आहे आणि शेवटची दोनतीन अक्षरं उडाली आहेत. म्हणजे माणसाने ती कपाटात जपून ठेवली नाही, घालून वापरली. डॉलर मात्र फ्रेममध्ये. ते घराजवळच्या मिलमध्ये कामाला होते. सिनेमाशी संबंध आला तो तेवढाच, पण थँक्सगिव्हिंगला दरवर्षी तोच विषय.

हडळ_हाऊसवाइफ

"डॉलर मात्र फ्रेममध्ये" वाचून बरं वाटलं. आमच्याकडे गावात मराठी मालिकेचं शूटिंग झालं होतं, गर्दीत उभं राहायला पोरांना वडापाव. फोटो काढायला गेलं तर खेकसले. असो.

कोल्हापुरी_कट

मी इथे नवीन आहे. मित्रांबरोबर भुताच्या शॉर्टफिल्म करतो, दोन झाल्या, तिसरी अडकली आहे. सगळ्यांना दोन प्रश्न:

१) त्या मंडळींनी एवढ्या कमी पैशात निभावलं कसं? माझं तर जेवणाखाणातच बजेट जातं.
२) 'नाइट' फुकट आहे तर माझ्या फिल्ममध्ये टीव्हीवर तो चालू असलेला दाखवला तर चालेल का?

रात्रपाळी

पहिल्याचं सांगतो. जे फुकट किंवा जवळपास फुकट मिळतंय त्याभोवती कथा बांधली. पडायला आलेलं घर मिळालं, म्हणून गोष्ट एका घरात. नट म्हणून आपलेच भागीदार, तळघरात कुटुंबासह लपलेला तो खडूस कूपर करणारा कार्ल हार्डमन हा पैसे घालणाऱ्यांतलाच, आणि त्याची बायको झालेली मेरिलीन ईस्टमन हीसुद्धा कंपनीतलीच. ती मेकअपही बघायची. त्या घरात नळाला पाणी नव्हतं, बाहेरून आणावं लागायचं. जाहिरातींची कामं आली की चित्रीकरण थांबायचं, पैसे आले की पुन्हा सुरू.

आणि नटांचं ऐकायचं. बेनची भूमिका कागदावर एका अडाणी, रांगड्या ट्रक ड्रायव्हरची होती. ऑडिशनला ड्वेन जोन्स सगळ्यांत चांगला ठरला म्हणून त्याला घेतलं. जोन्स कृष्णवर्णीय, शिकलेला, पुढे प्राध्यापकी केलेला माणूस. त्याने आपले संवाद स्वतःच्या तोंडी बसतील असे बदलून घेतले, रोमेरोने बदलू दिले. सिनेमाचा सगळा कस त्यामुळे बदलला. नवखा दिग्दर्शक सहसा आपल्या ओळीला हात लावू देत नाही. तू लावू देतोस का?

कोल्हापुरी_कट

नाही लावू देत. 😐 भावना पोचल्या.

अवकाळी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत तो सिनेमा सार्वजनिक मालकीचा आहे, म्हणूनच शेकडो सिनेमांत टीव्हीवर हाच चालू असलेला दिसतो. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो आणि परदेशी कलाकृतींचे नियम वेगळे लागतात. मी वकील आहे, पण ह्या विषयातली नाही. फिल्म महोत्सवाला पाठवणार असशील तर ह्या विषयातल्या वकिलाकडून कागद करून घे, आणि पुन्हा नव्याने दुरुस्त केलेली जी प्रत निघाली आहे (२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने दाखवली ती) ती वापरू नकोस. जुन्या प्रतीवरच थांब.

जुना_मुंज्या

रोमेरोची एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून. शाळकरी वयात त्याला 'टेल्स ऑफ हॉफमन' हा सिनेमा वेडापिसा आवडायचा. तेव्हा घरी बघायचा तर मॅनहॅटनच्या दुकानातून रिळं आणि प्रोजेक्टर भाड्याने आणायचे. कधीकधी गेला की दुकानदार सांगायचा, तो दुसरा पोरगा घेऊन गेलाय. दुसरा पोरगा म्हणजे पुढचा दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी! दोघांनीही हे नंतर सांगितलंय.

एका सिनेमासाठी दोन पोरं आळीपाळीने रांगेत. पुढे एकाला ऑस्कर, एकाला मढी.

पेठेतली

आणि 'नाइट'ची ती दुरुस्त प्रत काढण्यात स्कॉर्सेसीच्या फिल्म फाउंडेशनचा हात होता. फिटंफाट.

मुंज्याकाका, रामसेंची तुलना करायची का? धागाकर्ता ओरडेल, पण खरंच साम्य आहे. 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) त्यांनी महाबळेश्वरच्या गेस्टहाऊसमध्ये राहून केला, सेट वगैरे काही नाही, बजेट साडेतीन लाख आणि दिवस ४०. सात भाऊ: कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन, तुलसी-श्याम दिग्दर्शन. दहा दोस्तांच्या जागी सात भाऊ, एवढाच फरक.

रात्रपाळी

ओरडत नाही, हे साम्य मलाही पटतं. फरक मात्र एवढाच नाही. रामसेंकडे भूत म्हणजे जुन्या पापाची वसुली, शेवटी त्रिशूळ निघतो आणि हिशोब मिटतो. रोमेरोकडे हिशोब मिटतच नाही. 'नाइट'चा शेवट आठवा.

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

रात्रभर सगळं झेलून बेन एकटा वाचतो. सकाळ होते. बाहेर शेरीफची बंदूकधारी टोळी, कुत्री, वर हेलिकॉप्टर. सुटका आली म्हणून तो खिडकीतून डोकावतो आणि ते त्याला मढं समजून गोळी घालतात. मग हलणारं चित्रच बंद. वर्तमानपत्रात छापतात तसे खरबरीत ठिपक्यांचे स्थिर फोटो एकामागून एक: खाटकाचे आकडे, ते अंगात खुपसून ओढून नेणारे हात, लाकडाचा ढीग, त्यावर टाकलेलं शरीर. संगीत जवळपास नाही, वॉकीटॉकीवरची खरखर आणि गप्पा. १९६८ च्या अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाचं शरीर असं ओढून नेताना बघणाऱ्याला काय काय आठवलं असेल. रोमेरो आणि त्याचा जोडीदार तयार प्रिंट गाडीत घालून न्यूयॉर्कला चालले होते, तेव्हा वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येची बातमी आली. भूमिका तशी लिहिली नव्हती, शेवट तसा योजला नव्हता, हे तो कायम सांगत राहिला. आयतं मिळालेलं श्रेय त्याने कधी खिशात घातलं नाही. चाहते टोपीभर विश्लेषण घेऊन यायचे, हा म्हणायचा, बाबांनो, जोन्सने ऑडिशन चांगली दिली होती.

अवकाळी

हे वाचून आज झोप नाही.

तिकीटचेकर

पुन्हा मीच. सगळे इतके गोड बोलताय म्हणून आठवण करून देतो, रोमेरो गुळमुळीत माणूस नव्हता. 'वॉकिंग डेड'चे काही भाग दिग्दर्शित करायला विचारलं तर नाही म्हणाला, आणि वर ती मालिका म्हणजे मधूनमधून झोंबी येणारी घरगुती मालिका आहे असं जाहीरपणे सुनावलं. त्याच मालिकेवर त्याचा चेला निकोटेरो मोठ्या हुद्द्यावर होता! पळणारी मढी त्याला अजिबात मंजूर नव्हती. मेलेल्या माणसाचे घोटे पळताना तुटतील, हे त्याचं म्हणणं.

आणि पैशाच्या बाबतीत म्हणाल तर 'डे ऑफ द डेड'ला काटछाट करून सौम्य प्रमाणपत्र घेतलं असतं तर ७० लाख डॉलर मिळत होते. नाही म्हणाला आणि ३५ लाखांत केला. पटकथा निम्मी फाडावी लागली. हे मला त्याच्या दिलदारीच्या किश्श्यांपेक्षा जास्त भावतं.

मॉन्रोव्हिलकर

तिकीटचेकरांना पहिल्यांदा पूर्ण सहमती.

'डे'चं बहुतेक चित्रीकरण इथून तासाभरावरच्या वॉम्पम गावच्या चुनखडीच्या खाणीत झालं. जेवताना वाचू नका: शेवटी कॅप्टन ऱ्होड्सला मढी कमरेतून फाडतात, त्यासाठी डुकराची खरी आतडी आणून फ्रिजमध्ये ठेवली होती. मंडळी मध्ये काही दिवस फ्लोरिडाला गेली आणि कुणीतरी फ्रिजचं बटण बंद केलं. परत आले तर जे झालं होतं ते झालं होतं. दुसरी आणायला पैसे नाहीत. मग तीच. नट जो पिलाटो खाली झोपलेला, मढ्यांच्या हातात कुजलेली आतडी, कॅमेऱ्यामागच्यांच्या नाकाला फडकी. पिलाटोचा चेहरा जो दिसतो त्यात अभिनय किती हे ज्याने त्याने ठरवावं.

खिडकी_सीट

जेवतच होतो. धन्यवाद.

हडळ_हाऊसवाइफ

अवांतर, पण नारायण धारपांची आठवण काढल्याशिवाय मला हा धागा सोडवत नाही.

धारपांनी स्टीफन किंगच्या कथा मराठीत आणल्या, आपल्या वाड्यांत, आपल्या आज्यांत. त्यांची 'आजी' किंगच्या 'ग्रॅमा'वरून. राही अनिल बर्वेंनी कोवळ्या वयात नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून धारपांची कथा ऐकली आणि त्या भीतीतून खूप वर्षांनी 'तुंबाड' आला. आणि हाच किंग रोमेरोचा जिवलग. 'क्रीपशो' (१९८२) त्याने रोमेरोसाठी लिहिला, वर त्यात एका वेडगळ शेतकऱ्याचं कामही केलं, अंगावर हिरवळ उगवते तो. म्हणजे पिट्सबर्गहून पुण्यापर्यंत धागा आहेच. विहीर काढली नाही, वाडा काढला, चालेल ना?

रात्रपाळी

ताई, वाडा चालेल. २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली, तेही मला रोमेरोच्या नशिबासारखंच वाटतं. 'नाइट'लाही आधी दुपारच्या खेळाला पोरं कोंबून बसवली होती. सिनेसमीक्षक रॉजर एबर्टने लिहून ठेवलंय, अर्ध्यावर थिएटर चिडीचूप झालं आणि एक लहान मुलगी जागच्या जागी रडत होती. मान मिळाला तो हळूहळू, मध्यरात्रीच्या खेळांतून. १९९९ मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत गेला.

कोल्हापुरी_कट

एक विचारू? चाहत्यांशी असं वागणं हा स्वभाव की धंद्याची गरज? छोट्या दिग्दर्शकाला चाहते जपावेच लागतात. आमच्याकडेही शॉर्टफिल्मला 'कमेंट करा, उत्तर देतो' म्हणतोच की आम्ही. हजार लोक झाले की कोण देतंय.

जुना_मुंज्या

प्रश्न चांगला. गरज तर होतीच. पण गरजेपोटी वागणारा माणूस पुढच्याला काम देत नाही, सही देतो. रोमेरोने कामं दिली. सॅविनी पिट्सबर्गचा पोरगा, 'नाइट'च्या वेळी व्हिएतनामच्या युद्धावर गेल्यामुळे हुकला. परत आल्यावर 'मार्टिन'पासून रोमेरोने त्याला बरोबर घेतलं, आणि सॅविनीने निकोटेरोला. २००७ च्या 'डायरी ऑफ द डेड'मध्ये बातम्या देणारे आवाज किंग, टॅरंटिनो, गिएर्मो देल तोरो, वेस क्रेव्हन, पेग यांचे आहेत. फोनवर 'येशील का' म्हणायचं आणि लोक यायचे. त्याच सिनेमाच्या वेळी हौशी पोरांच्या छोट्या झोंबी फिल्मची स्पर्धा घेतली आणि जिंकलेल्या फिल्म डीव्हीडीवर टाकल्या. तुझ्यासारख्यांच्या.

कोल्हापुरी_कट

च्यायला. हे भारी आहे.

मॉन्रोव्हिलकर

परतफेडीचंही सांगतो. 'नाइट'ची सुरुवात होते ती इव्हान्स सिटीची दफनभूमी, गाडी वळत वर येते ती. तिथली छोटी प्रार्थनाघराची इमारत पडायला आली होती, पाडायचं ठरलं होतं. मूळ चमूतल्या गॅरी स्ट्राइनरने हाक दिली आणि चाहत्यांनी वर्गणी काढून ती दुरुस्त केली. सिनेमात ती नुसती मागे दिसते, कुणी आतही जात नाही.

रोमेरो शेवटची वर्षं टोरांटोला होता, २०१७ च्या जुलैत गेला. त्याचे कागद, पटकथा, न झालेले सिनेमे सगळं २०१९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाने घेतलं. संशोधक असायची अट नाही, वेळ घेऊन गेलं की बघायला मिळतं असं ग्रंथालयातल्या बाईंनी मला सांगितलं. अजून गेलो नाही, लाज वाटते.

अवकाळी

कुठून सुरुवात करू? भित्री आहे, पण धाग्याने हावरी केलंय.

रात्रपाळी

'नाइट' आधी, दीड तासाचा आहे, फुकट आहे, दिवसा बघ. मग 'डॉन'. ह्याचे तीन कट आहेत: अमेरिकी थिएटरचा १२७ मिनिटांचा, इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंटोने युरोपसाठी केलेला आटोपशीर, आणि १३९ मिनिटांचा लांबलचक. पहिलाच घे, मॉलमधलं विनोदी संगीत त्यात आहे. ऑनलाइन कायदेशीर सापडणं मात्र मुश्कील, हक्कांचं त्रांगडं आहे. फुकट गेलेला घरोघरी आणि जपून ठेवलेला गायब, तिकीटचेकर, ह्यावर तुम्हीच काय ते बोला.

मढी नकोतच असतील तर 'द अम्यूझमेंट पार्क'. १९७३ मध्ये एका ल्यूथरन संस्थेने म्हाताऱ्या माणसांच्या हालांवर प्रबोधनपर फिल्म मागितली. ह्याने जत्रेतल्या एका म्हाताऱ्याचे असे हाल दाखवले की फिल्म पेटीतच राहिली. पन्नासेक मिनिटांची. बायकोच्या खटपटीने दुरुस्त होऊन २०२१ मध्ये बाहेर आली.

तिकीटचेकर

बोलायचं काय, निरुत्तर.

पण अवकाळी, 'मार्टिन' आधी बघा. ब्रॅडॉक नावाच्या उतरती कळा लागलेल्या पोलाद गिरण्यांच्या गावातला एक पोरगा, त्याला वाटतं आपण रक्तपिपासू आहोत. सुळे नाहीत, जादू नाही, ब्लेड आणि इंजेक्शन. म्हातारा नातेवाईक दाराला लसूण बांधतो, पोरगा ती चावून दाखवतो. रोमेरोचा स्वतःचा आवडता हाच.

पेठेतली

शनिवारी आमच्याकडे 'मार्टिन' लावू. अवकाळी, सदाशिवात आहेस ना, ये. चहा देईन, लसूण चटणीही आहे.

अवकाळी

येते. नवऱ्याला आणते, मला एकटीला घरी परत जायचं नाहीये.

कोल्हापुरी_कट

तिसऱ्या फिल्मचे संवाद आज नायिकेला देऊन आलो, हवे तसे बदल म्हणून. तिने पहिलं पान पूर्ण खोडलंय.